किती शितांवरून भाताची परीक्षा?



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण माझी आई चुलीवरचा भात बघायची ते मला आठवते. ती एक शीत दाबून कधीच थांबत नसे. पळीने भात खालीवर करायची, एक शीत वरचे घ्यायची, एक मधले, एक तळाचे. कारण तळाला भात लागलेला असू शकतो आणि त्याच वेळी वरच्या शितात कणी राहिलेली असू शकते. म्हणजे शिते किती घ्यायची, कुठली घ्यायची आणि त्यांवरून केलेल्या अंदाजावर कितपत भरवसा ठेवायचा, हे तीन प्रश्न ती रोज सोडवत होती. संख्याशास्त्रातली नमुना पाहणी याच तीन प्रश्नांवर उभी आहे. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे, पण भात सोडून सोयाबीनच्या रानात जाऊन.

पूर्वी पिकाचा अंदाज आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आठ आणे म्हणजे अर्धे. त्याला आणेवारी म्हणत. पुढे आणे गेले, पैसे आले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. मूळ पद्धत नजरेची होती. अनुभवी माणूस शिवारातून फिरायचा आणि आकडा सांगायचा. अशी नजर पुष्कळदा बरोबरही ठरायची. अडचण एवढीच होती की ती केव्हा चुकली आणि कितीने चुकली, हे कळायला मार्ग नव्हता.

त्यावर निघालेला उपाय म्हणजे पीक कापणी प्रयोग. गाव, गटनंबर आणि शेतातली जागा हे सारे चिठ्ठी काढल्यासारखे, यदृच्छ आकड्यांवरून ठरवायचे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून अमुक पावले लांबीच्या बाजूने, तमुक पावले रुंदीच्या बाजूने जायचे आणि तिथे दोरी लावून तुकडा आखायचा. बऱ्याच राज्यांत, बऱ्याच पिकांसाठी हा तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असतो. त्यातले पीक कापायचे, ताडपत्रीवर मळायचे आणि वजन करायचे.

मी संख्याशास्त्र शिकवत असताना एकदा विद्यार्थ्यांना असा प्रयोग बघायला घेऊन गेलो होतो. आकड्यांप्रमाणे पावले मोजली तर तुकडा नेमका लवणातल्या काळ्या जमिनीत आला. सोयाबीन कमरेला लागत होते. शेताचे मालक वयस्कर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ते म्हणाले, "सर, ही जागा तेवढी बरी हाय. वर माळाला बघा, शेंगा भरल्याच न्हाईत. तिकडचं धरा की."

मी म्हटले, "आबा, जागा आपण निवडायची नाही. आकड्यांनी निवडायची."

"का बरं?"

"आज तुम्ही माळावर न्याल. उद्या दुसऱ्या शेतात तुकडा माळावर आला, की विमा कंपनीचा माणूस म्हणेल, लवणात चला. ज्याच्या हाती जागा, त्याच्या हाती आकडा."

आबांना ते पटले. पण लगेच त्यांनी पुढचा प्रश्न टाकला आणि तो मात्र खरा अवघड होता. "ते ऱ्हाऊ द्या. पर सगळ्या मंडळात असे दहाच तुकडे कापणार म्हणं. दहा तुकड्यांवरनं हजारो एकरांचं कसं कळंल?"

त्याचे उत्तर तेव्हा घाईत दिले होते. आज जरा सविस्तर देतो.

समजा, एका महसूल मंडळात दहा ठिकाणी कापणी झाली आणि प्रत्येक तुकड्यातून निघालेले सोयाबीन असे भरले: ४, ७, ५, ९, ३, ६, ८, ५, ७ आणि ६ किलो. बेरीज ६०, सरासरी ६ किलो. तुकडा पन्नास चौरस मीटरचा आहे, त्यामुळे एका किलोचे हेक्टरी दोन क्विंटल होतात. म्हणजे मंडळाचे उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल. सरकारी तक्त्यात हा एकच आकडा जातो.

पण याच मंडळात दुसऱ्या दहा जागांच्या चिठ्ठ्या निघाल्या असत्या तर? सरासरी साडेपाच आली असती, कदाचित साडेसहा. हा चढउतार किती असेल, हे आपल्याच दहा आकड्यांवरून काढता येते आणि हीच या शास्त्राची करामत आहे. आकडे सरासरीपासून किती लांब विखुरले आहेत ते मोजायचे. आपल्या उदाहरणात हे प्रमाण विचलन सुमारे १.८३ किलो येते. त्याला दहाच्या वर्गमुळाने भागले की ०.५८ मिळतात. तुकडे दहाच असल्यामुळे त्याला साधारण सव्वादोनने गुणायचे. उत्तर येते १.३ किलो, म्हणजे हेक्टरी २.६ क्विंटल. आता प्रामाणिक उत्तर असे लिहावे लागेल: मंडळाचे उत्पन्न १२ क्विंटल, अधिक-उणे २.६. म्हणजे ९.४ ते १४.६ क्विंटलच्या दरम्यान. प्रत्यक्षात आधी गावे, मग शेते, मग तुकडा अशी पायऱ्यांनी निवड होते, त्यामुळे हिशेब थोडा वाढतो, पण तत्त्व हेच. या दोन टोकांना इंग्रजीत कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आपण विश्वासमर्यादा म्हणू. आणि हा विश्वास ९५ टक्क्यांचा आहे, असे सांगतात.

या ९५ टक्क्यांचा अर्थ लावताना भलेभले घसरतात. जत्रेतला रिंगा टाकण्याचा खेळ आठवा. साबणाची वडी एका जागी ठेवलेली असते आणि आपण रिंग फेकतो. इथे वडी म्हणजे मंडळाचे खरे उत्पन्न. ते जागचे हलत नाही, फक्त आपल्याला दिसत नाही. आपला प्रत्येक नमुना म्हणजे एक फेकलेली रिंग. रिंग एवढ्या घेराची करायची की शंभर वेळा फेकली तर सुमारे ९५ वेळा वडी आत सापडावी. पण आपण एकदाच फेकतो आणि फेकताना डोळ्यांवर पट्टी असते. ही रिंग बरोबर पडली का, हे सांगता येत नाही. अशा पद्धतीने फेकणारा सहसा चुकत नाही, एवढेच सांगता येते. भरवसा पद्धतीचा आहे, एका रिंगेचा नव्हे. पोलंडमधून लंडनला आलेल्या येर्झी नेमन या संख्याशास्त्रज्ञाने १९३७ साली हा विचार नीट मांडला.

या नेमनच्या हाताखाली आपला एक मराठी माणूस शिकला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. परतल्यावर त्यांनी शेती संशोधन परिषदेत पीक कापणीच्या पाहण्यांची घडी बसवली. त्याच सुमारास बंगालमध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस ताग आणि भाताच्या मोठ्या नमुना पाहण्या करत होते.

या दोघांचा तुकड्याच्या आकारावरून वाद झाला. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. तुकडा लहान असला की काम झटपट होते आणि त्याच खर्चात जास्त जागा पाहता येतात. तुकडे जास्त, म्हणजे विश्वासमर्यादा अरुंद. हिशेब चोख होता. सुखात्मे यांनी मात्र वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून तुलना केली. लहान तुकड्यांवरून निघणारे उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त येते, असे त्यांना आढळले. त्यांचे हे निष्कर्ष १९४६-४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

कारण अगदी साधे आहे. दोरीवर येणारे रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. दहा बाय पाचच्या तुकड्याची कड तीस मीटर आणि क्षेत्र पन्नास चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरमागे कड अवघी ०.६ मीटर. एक बाय एकच्या तुकड्यात तीच चार मीटर होते. तुकडा लहान, तशी कडेची लबाडी मोठी. आणि असे हजार तुकडे कापले तरी ती लबाडी जात नाही. विश्वासमर्यादा मात्र अरुंद होत जाते, आणि ती असते चुकीच्या आकड्याभोवती. योगायोगाने होणारी चूक ती सांगते, मोजण्यातला खोटेपणा सांगत नाही. काटा चुकीचा असेल, किंवा शेतात न जाताच आकडा भरला असेल, तर कुठलेही सूत्र मदतीला येणार नाही.

आता आबांच्या प्रश्नाकडे येतो. दहा तुकडे पुरेसे आहेत का? आमटीचे मीठ बघायला एक चमचा पुरतो, मग ती घरची पातेलीभर असो की लग्नातली कढईभर, नीट ढवळली म्हणजे झाले. तसेच नमुन्याचे. क्षेत्र किती मोठे, यापेक्षा नमुने किती आणि विखुरणे किती, यावर अचूकपणा ठरतो. पण तो मिळवणे महाग असते. मर्यादा निम्मी करायची तर तुकडे चौपट लागतात. दहाचे चाळीस करावे, तेव्हा २.६ चे सुमारे १.२ होतात.

सुखात्मे यांच्या काळात प्रश्न जिल्ह्याचा, प्रांताचा होता. देशात धान्य किती पिकले, ते कळायला हवे होते. जिल्ह्यातले सगळे तुकडे एकत्र केले की मर्यादा छान अरुंद होते. विम्याचा प्रश्न वेगळा आहे. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळासाठी किमान दहा आणि ग्रामपंचायतीसाठी, प्रमुख पीक असेल तर, किमान चार प्रयोग धरले आहेत. मोठ्या क्षेत्रासाठी घडवलेले माप आपण लहान क्षेत्राला लावतो आहोत आणि तिथे त्यावर पैशाचा निर्णय होतो.

तो कसा, ते पाहा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन सरासरी काढतात आणि जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न ठरवतात. आपल्या मंडळाचे ते १३ क्विंटल धरू आणि विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार. प्रयोगातून १२ आले, म्हणून एका क्विंटलची तूट, भरपाई सुमारे ३,८०० रुपये. पण खरे उत्पन्न ९.४ असेल, तर भरपाई सुमारे १३,८०० व्हायला हवी. आणि १४.६ असेल, तर काहीच नाही. दहा तुकड्यांचा पुरावा या तिन्ही शक्यतांत निवाडा करू शकत नाही. तक्त्यातला एकटा बाराचा आकडा मात्र तसे भासवतो.

म्हणून पीक कापणी मोडीत काढावी, असे मी म्हणणार नाही. तिच्याजागी नजर आली, तर कोणाची नजर, हा प्रश्न पुन्हा उभा राहील. अलीकडे उपग्रहाच्या चित्रांची जोड देतात, ते चांगलेच आहे. पण त्या चित्रांचा अंदाजही शेवटी शेतात कापलेल्या पिकाशीच ताडून पाहावा लागतो, आणि त्यालाही अधिक-उणे असतेच. माझे म्हणणे एवढेच, की ज्या फलकावर मंडळाचे उत्पन्न लागते, तिथे शेजारी हे अधिक-उणेही लागावे. मर्यादा फार रुंद असेल तिथे पुढच्या हंगामात तुकडे वाढवावे. आणि कापणीच्या दिवशी गावातल्या चार माणसांनी दोरीपाशी उभे राहावे. तुकडा आपल्या सोयीच्या जागी ओढायला नव्हे, तर तो कोणीच ओढू नये यासाठी.

त्या दिवशी आबांच्या लवणातल्या तुकड्यात नऊ किलो सोयाबीन भरले. आबा काट्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे माझं नऊ मंडळाला वर ओढणार." मी म्हटले, "हो, आणि कुणाचे तरी तीन खाली ओढणार." त्यावर ते हसले आणि म्हणाले, "चिठ्ठीच हाय ती. पर चिठ्ठीनं ठरवलं, एवढं तरी खरं लिवा." श्रोतेहो, विश्वासमर्यादा म्हणजे दुसरे काय? चिठ्ठीने ठरवले आहे, हे खरे लिहिणे.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)