कायद्याच्या पानावर स्त्रीचे नाव
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



विद्यापीठाचे नाव कायद्याच्या परिशिष्टात छापलेले असते. ते बदलायचे तर कायद्याचा मजकूर बदलावा लागतो. हे काम किती अवघड, ते मराठवाड्याला सांगायला नको. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी १९७८ साली ठराव केला आणि आपल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव मिळाले १९९४ साली!

हे ध्यानात ठेवून पुढची नावे ऐका. पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाई फुले, जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरी, सोलापूरला २०१९ साली अहिल्यादेवी होळकर. स्त्रीच्या नावाचे विद्यापीठ मुंबईत आधीपासून होतेच, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे. पण ते नाव लागले त्यांचे चिरंजीव सर विठ्ठलदास यांच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे. या तिघींची नावे लागली ती स्वतःच्या कर्तृत्वावर. मला हा फरक मोठा वाटतो.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचीत. ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातल्या मुलांनी कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली त्या वारल्या, पुस्तक निघाले १९५२ साली. घरात लिहिणारे कोणी नसते तर?

त्याचे उत्तर फातिमा शेख यांच्याकडे पाहून मिळते. सावित्रीबाईंचे काव्यसंग्रह छापलेले आहेत. फातिमाबींचे स्वतःचे लेखन हाती नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना पत्र लिहिले, त्यात आपल्यामागे फातिमाला पडणाऱ्या त्रासाची काळजी आहे. २०२५ साली, ही बाई झालीच नाही, असे जाहीरपणे म्हटले गेले, तेव्हा दाखवायला ते पत्र होते. बाकी आपल्या समाजाने काय जपले, हे आपणच आपल्याला विचारावे.

आता घरचे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे सरकारी कागदावर आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असा राज्य सरकारचा निर्णय आहे. पण शाळेत दाखल करताना आईचे नाव विचारले की काही वडील अजून घुटमळतात. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे, निकाहनाम्यावर तिसरे. मग शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो आणि हेलपाटे मुलीला पडतात.

तेव्हा येत्या जूनमध्ये प्रवेशाला मुलाच्या आईलाच घेऊन या. तिचे नाव तिलाच सांगू द्या, सहीही तिचीच घेऊ. आणि विद्यार्थ्यांनो, सुटीत दादी-नानीला बसवून त्यांची हकीकत दोन पाने लिहून आणा. गाव, साल, नाव, सगळे पूर्ण लिहा.