वर्गाचें सामाईक पान



आयुष्याचीं बहुतेक वर्षें खडू आणि फळा यांच्या सहवासांत घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकानें ‘विकी’विषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु या साधनानें मला माझीच एक चूक दाखविली. ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

विकी म्हणजे संगणकावरील सामाईक पान. जो तें वाचतो तोच तें सुधारूंहि शकतो. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थानें १९९५ सालीं ही युक्ति प्रथम अमलांत आणिली. शब्द हवाई बेटांतील भाषेचा, अर्थ ‘शीघ्र’. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच रीतीनें वाढत आहे. हिचें मर्म असें कीं, मजकूर बदलला तरी जुना नाहींसा होत नाहीं. कोणीं, केव्हां, काय बदललें, हें पानाच्या ‘इतिहासां’त राहतें.

निवृत्तीपूर्वीं मीं तिसरीच्या मुलांकडून ‘आपला बुलढाणा जिल्हा’ या विषयावर असें पान लिहविलें. संगणक एकच; म्हणून दोघांदोघांच्या पाळ्या लाविल्या. सिंदखेडराजा, शेगांव, लोणार अशीं स्थळें मुलांनीं वाटून घेतलीं. एका मुलीनें लिहिलें, ‘लोणारचें पाणी गोड आहे.’ दुसरे दिवशीं एका हुशार मुलानें तें पुसून ‘लोणारचें पाणी खारट आहे’ असें लिहिलें. मींहि त्याची पाठ थोपटली. मुलगी कांहींच बोलली नाहीं. पण पुढें आठवडाभर तिनें पानास हात लाविला नाहीं.

तें मौन मला सलूं लागलें. इतिहास उघडून तिचें पुसलेलें वाक्य मीं वर्गापुढें ठेविलें आणि विचारलें, “बाळ, हें तुला कसें कळलें?”

ती म्हणाली, “गुरुजी, माझं आजोळ लोणारचं. आजीसोबत धारेवर गेले होते. तिथलं पाणी मी प्यायले.”

पोरीचें म्हणणें खरें होतें. उल्कापातानें झालेल्या विवरांतील सरोवराचें पाणी खारट. पण विवराच्या कडेस असलेल्या ‘धारे’चा झरा गोड्या पाण्याचा. मुलगा खोटा नव्हता, मुलगीहि नव्हती. घाई मात्र दोघांनीं केली होती: त्या मुलानें आणि मीं.

त्या दिवशीं वर्गानें नियम केला: दुसऱ्याचें वाक्य पुसण्यापूर्वीं त्यास विचारावें, आणि दुरुस्तीचें कारण लिहावें. मग त्या दोघांनीं मिळून लिहिलें, ‘लोणारच्या सरोवराचें पाणी खारट आहे, धारेचें पाणी गोड आहे.’

वहींत माझ्या तांबड्या शाईनें तें पहिलें वाक्य खोडलें असतें, तर धार कायमचीच बुजली असती. मुलांना जवळ बसविल्यानें सहकार्य होत नाहीं. एकमेकांचें लिहिलेलें आदरानें तपासूं लागलीं म्हणजे तें होतें. आपल्या घरांतील मूल दुसऱ्याची चूक काढावयास निघालें, तर त्यास अगोदर एवढें विचारावयास शिकवा: ‘तुला हें कसें कळलें?’ हा प्रश्न शिकावयास मला सबंध नोकरी लागली.