देशाचे रक्षण आणि आमचे शेत
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या जिल्ह्याला देशाची सीमा कुठेच लागत नाही. तरी राहुरी, नगर आणि पारनेर या तालुक्यांतली काही गावे हद्दीवरच जगतात. ही हद्द आहे खारे कर्जुन्याच्या लष्करी सराव क्षेत्राची, आपण ज्याला के. के. रेंज म्हणतो त्याची. रणगाड्यांच्या सरावासाठी 1956 साली तिथे जमिनी गेल्या. 1980 साली आणखी 23 गावांचे क्षेत्र अधिसूचनेत आले. तेव्हापासून या गावांत ज्वारी पेरताना माणूस आभाळाकडे पाहतो, तसा सरकारकडेही पाहतो.

सैन्याला सराव पाहिजे, याबद्दल वाद नाही. जवान कोणाचा? आपल्याच घरचा. एक भाऊ पाळीवर, दुसरा पलटणीत. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान, जय किसान’ म्हटले, ते दोघांना एका ओळीत बसवून. आता एकाचे नाव घेऊन दुसऱ्याला उठवायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

आणि उठवायचे तरी किती वेळा? मुळा धरणाला जमिनी दिल्या राहुरीने. कृषी विद्यापीठाला जमिनी दिल्या राहुरीने. धरणाचे पाणी दुसऱ्याच्या उसाला गेले, विद्यापीठाचे बियाणे आपण पैसे मोजून घेतो. एकदा उठलेल्या माणसाला पुन्हा उठ म्हणायचे, तर त्याने निदान विचारावे की नाही, कशासाठी आणि कोणत्या भावाने?

आता कायद्याचे नीट ऐका, कारण भीती अज्ञानातून वाढते. अधिसूचना म्हणजे संपादन नव्हे. गोळीबाराच्या सरावाची अधिसूचना निघते ती 1938 च्या, इंग्रजांच्या वेळच्या कायद्याखाली, ठराविक मुदतीसाठी. जमीन तुमचीच राहते. सरावापुरते माणसांना आणि जनावरांना धोक्याच्या क्षेत्राबाहेर ठेवता येते. पण त्याच कायद्यात भरपाईही लिहिली आहे. पिकाचे नुकसान झाले, बाहेर राहावे लागल्याने पीक बिघडले, रोजगार बुडाला, तर ती द्यावी लागते. ती ठरवायला कलेक्टरने महसूल अधिकारी नेमायचा आहे. कापूस वेचणीला आलेला, ज्वारी हुरड्यात आणि पाखरे राखायला माणूस नाही, हे नुकसान नव्हे तर काय? इंग्रजाने लिहिलेले देणे स्वराज्यात तरी मागायला लाजू नका.

जमीन कायमची घ्यायची तर 2013 चा भूसंपादन कायदा लागतो. त्यातही संरक्षणासाठी तातडीचे कलम आहे. ते लावले की सामाजिक परिणामांची चौकशी टाळता येते. पण ताबा घेण्याआधी भरपाईच्या ऐंशी टक्के रक्कम द्यावीच लागते. मालमत्तेचा हक्क 1978 च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला, तरी 300 अ कलम शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही.

2020 साली संपादनाची आवई उठली तेव्हा गावे हादरली. शरद पवार, आमदार नीलेश लंके संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांना दिल्लीत भेटले. भेटी झाल्या ते ठीक. पण शेतकऱ्याचे भवितव्य पुढाऱ्याच्या भेटीवर टांगून ठेवणे हीच खरी असुरक्षितता. जमीन जाणार एवढी नुसती आवई उठली, तरी विहीर खणायला हात धजत नाही आणि मुलीकडचे लोक स्थळ पाहायला येत नाहीत. गोळा शेतात पडायच्या आधीच नुकसान होऊन जाते.

आणखी एक. न फुटलेले गोळे भंगारासाठी उचलताना या भागात माणसे मेली. कोणी म्हणेल, उचलतात कशाला? ज्याला कोरडवाहू शेतीत दोन वेळचे सुटत नाही, तो लोखंड वेचतो. शेतमालाला भाव असता तर कोण मरणाशी खेळले असते?

आज झारखंडात असलेल्या नेतरहाटच्या आदिवासींनी 1994 साली सरावाला आलेल्या तुकड्यांची वाट शांतपणे अडवली. अठ्ठावीस वर्षे ते हटले नाहीत. 2022 साली राज्य सरकारने अधिसूचनेची मुदत न वाढवण्याचे ठरवले. ते जिंकले, कारण प्रत्येक गावाला आपला कागद माहीत होता.

म्हणून हद्दीवरच्या प्रत्येक गावाने चार कामे करावीत. अधिसूचनेची प्रत मागून ग्रामसभेत वाचावी, मुदत लिहून ठेवावी. सरावाच्या तारखा सुगीत नकोत, असा ठराव कलेक्टरला द्यावा. नुकसान झाले की त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा. आणि गोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

देशाच्या रक्षणाला आमची ना नाही. पण ज्या देशाचे रक्षण करायचे, त्या देशात आमचे शेतही येते, एवढे सरकारने ध्यानात ठेवावे.