विसरण्याचे सोंग

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त परदेशीपुरा येथे झालेले भाषण)



महोत्सवातील व्याख्यानाचा विषय गोड असावा असा संकेत आहे. मी जरा कडू विषय घेऊन आलो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाची स्मृती, अवधान व विचारशक्ती तपासणे हा माझा व्यवसाय. त्यात एक प्रश्न वारंवार उभा राहतो आणि तो उघड विचारण्यास सगळेच संकोचतात. हा मनुष्य खरोखरच विसरतो आहे, की विसरण्याचे सोंग करतो आहे?

प्रश्न आपल्या भाषेला नवा नाही. वेड पांघरून पेडगावला जाणारे लोक आपल्या पूर्वजांना चांगलेच ठाऊक होते. झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही, असेही ते म्हणत. ही दुसरी म्हण मात्र मला पुरती पटत नाही. सोंग पुष्कळदा ओळखता येते. कारण सोंग घेणाऱ्याला आजार ठाऊक नसतो. आजाराविषयी लोकांची जी समजूत असते तीच तो वठवतो. आणि ही समजूत बहुधा सिनेमाने दिलेली असते. डोक्यावर फटका बसला की नायक आईलाही ओळखत नाही, आणि दुसरा फटका बसला की सारे परत आठवते! वस्तुतः मेंदूच्या दुखापतीत अपघातापूर्वीचा काही काळ आणि नंतरचे काही दिवस पुसले जातात, नवे लक्षात ठेवणे जड जाते. पण स्वतःचे नाव, आईचा चेहरा, सायकलवर बसण्याची सवय ही सहसा टिकते. पाच आकडे ऐकून तेवढ्यातल्या तेवढ्यात म्हणून दाखवणे हेही बहुतेक रुग्णांना जमते. सोंग घेतलेला मनुष्य तेथे दोन आकड्यांवरच अडतो.

ब्रिटनमधील नरिंदर कपूर यांनी १९९४ साली एक अगदी साधी परीक्षा सुचविली. तिला लागते एक नाणे. तपासणाऱ्याने नाणे तळहातावर ठेवून रुग्णास दाखवायचे आणि दोन्ही मुठी मिटायच्या. रुग्णाने डोळे मिटून दहापासून एकपर्यंत उलटे अंक मोजायचे, मग डोळे उघडून नाणे कोणत्या मुठीत ते सांगायचे. असे दहा वेळा. स्मृती पार ढासळलेल्या रुग्णांनाही हे साधते. ज्याला काहीच आठवत नाही त्यानेही नुसता अंदाज बांधला तर दहांपैकी पाचेक उत्तरे बरोबर यावयास हवीत. दहाच्या दहा चुकणे हे केवळ नशिबाने १०२४ खेपांत एकदा घडेल.

कॅनडातील टॉम टॉम्बॉ यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेली परीक्षा याच जातीची, पण मोठी. तीत पन्नास चित्रे दाखवितात आणि नंतर जोडीजोडीतून आधी पाहिलेले चित्र ओळखावयास सांगतात. परीक्षा कठीण भासते, पण आहे सोपी. दुसऱ्या फेरीत पंचेचाळिसांपेक्षा कमी गुण आले की तपासणारा सावध होतो. नुसत्या अंदाजाने पंचवीस बरोबर येतील. पंधरा किंवा त्याहून कमी यायची वेळ तीनशेंत एखादी. इतके चुकण्यासाठी बरोबर उत्तर ठाऊक असावे लागते.

येथवर ऐकून कोणास वाटेल की आता लबाड पकडणे सोपे झाले. तसे नाही. इतके स्पष्ट निकाल क्वचितच मिळतात. बहुधा गुण मधल्या पट्ट्यात येतात, आणि त्याला वेदना, निद्रानाश, औषधाची गुंगी, उदासी, घरी राहिलेला चष्मा, अशी अनेक कारणे असू शकतात. आंद्रे रे यांची १९६४ सालची पंधरा चिन्हांची परीक्षा घ्या. तीत रोमन अक्षरे, आकडे व आकृती ओळीने मांडलेल्या असतात. इंग्रजी शाळेत गेलेल्यास ती पोरखेळ वाटेल; दुसरीतून शाळा सोडून गिरणीत लागलेल्या आपल्या परदेशीपुऱ्यातील आजोबांपुढे ती ठेवली तर तो अन्याय होईल. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २००४ सालच्या चाचणीसंचात वय आणि शिक्षण पाहून निराळी प्रमाणे दिली आहेत, ती याचसाठी. म्हणून एका परीक्षेवर निकाल देऊ नये. ‘या दिवशीचे गुण विश्वासार्ह नाहीत’ इतकेच परीक्षा सांगते. मनुष्य खोटा आहे हे सांगण्यास पुष्कळ अधिक पुरावा लागतो.

संशयालाही एक इतिहास आहे. हेन्री मिलर या इंग्रज मेंदुवैद्याने १९६१ साली व्याख्यानांतून असे मांडले की, अपघातानंतरच्या पुष्कळ तक्रारी भरपाई हाती पडताच मावळतात. हे मत न्यायालयांत फार चालले. पुढे इतरांनी दावे मिटलेल्या लोकांचा मागोवा घेतला तेव्हा अनेकजण पैसे मिळूनही कामावर परतले नव्हते. आणि भरपाई मागणारा तो लोभी, हे आपल्या वस्तीत तरी कोणी म्हणू नये. हुकुमचंद गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. तिच्या कामगारांच्या देण्याची रक्कम सुटली ती २०२३ च्या डिसेंबरात. हक्काच्या पैशासाठी बत्तीस वर्षे थांबणे म्हणजे काय, हे या सभेत मी सांगावयास नको.

आता माझ्या अनुभवातील एक गोष्ट. नावगाव अर्थात सांगत नाही. टेम्पो चालविणारा एक तरुण अपघातानंतर माझ्याकडे आला. कपाळामागे रक्तस्राव झाल्याचे सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसत होते. दुखापतीबद्दल शंकाच नव्हती. तरी हाताला बोटे किती, हे त्याला सांगता येईना! नाण्याच्या परीक्षेत दहाच्या दहा उत्तरे चुकली. मला लिहिणे भाग होते ते मी लिहिले. बाहेर त्याची पत्नी रडू लागली. “साहेब, हे तसे नाहीत हो. काकांनी सांगितलं होतं, काहीच आठवत नाही म्हण, म्हणजे पैसे जास्त मिळतील.”

काही आठवड्यांनी मी त्याला पुन्हा बोलावले आणि प्रारंभीच सांगितले की, पूर्ण प्रयत्न होतो की नाही हेही या तपासणीत पाहिले जाते. ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगावयास हवी होती. ती चूक माझी. या वेळी त्याची स्मृती जवळजवळ ठीक निघाली. पण योजना आखणे, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणे, रागाला आवर घालणे यांत तो फार मागे पडला होता. शरीराचे अपंगत्व शेकडा किती आणि त्यामुळे कमाईची शक्ती किती गेली, हे दोन निराळे प्रश्न आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे. वाहन चालवून पोट भरणाऱ्याचे खरे नुकसान येथेच होते, आणि ते दाखविता येत होते. तथापि पहिला अहवाल कागदोपत्री होता, आणि मोटार अपघात दाव्यात समोरच्या वकिलांनी तोच वाचून दाखविला. खरी इजा खोट्या विसरण्याखाली झाकली गेली.

त्याला शेवटी काही रक्कम मिळाली. मिळावयास हवी होती त्याहून ती कमी, असे माझे मत आहे. जी मिळाली तिला माझ्या दुसऱ्या अहवालाइतकीच त्याच्या पत्नीची वही कारण झाली. शाळेच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर ती अपघातापासून रोज दोन ओळी लिहीत असे. दूध उतू गेले, गॅसजवळच उभे होते. भाडे घेतले, कोणाकडून ते सांगता येईना. मुलीवर हात उगारला, मग रडले. आज चांगले होते. ‘आज चांगले होते’ असेही दिवस तिने लिहिले होते. न्यायाधीशांनी वही वाचताना त्या पानांवर बोट ठेवले, असे तिने मला सांगितले.