वळणावरची मोटार

पूर्वीचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे. या मुलखानें चाकाचा पहिला धडा घेतला तो बंडीपासून. बंडीला कमान नसते. खळग्यांत चाक उतरलें कीं त्याचा धक्का आंसांतून फळ्यांवर आणि फळ्यांवरून बसणाऱ्याच्या मणक्यांत जातो. बैलाच्या पावलानें चालतांना तें निभावतें; मोटारीला निभावत नाहीं. म्हणून तिचीं चाकें आणि सांगाडा यांच्यामध्यें कमानी घातलेल्या असतात. त्या बसणाऱ्याच्या सुखासाठीं आहेत ही समजूत अर्धीच खरी आहे. कमानीचें पहिलें काम चाक जमिनीला टेंकलेलें ठेवणें हें होय. आणि हौशी शर्यतींत उतरूं पाहणारा तरुण नेमकें तेंच विसरतो.

ताडोबाच्या जंगलांत वाघ पाहावयास गेलेल्यांना जिप्सी नांवाची उघडी गाडी परिचित आहे. मारुति कारखान्यानें ती १९८५ सालीं बाजारांत आणली आणि २०१९ सालीं नागरिकांसाठीं तिची विक्री थांबविली. पुढें-मागें अखंड आंस आणि चारी चाकांवर पोलादी पाट्यांच्या कमानी, अशी तिची साधी व कणखर रचना. भारतांतील रॅली आणि ऑटोक्रॉस या स्पर्धांत ही गाडी वर्षानुवर्षें धांवली. ऑटोक्रॉस म्हणजे मातीच्या मैदानावर आखलेली नागमोडी वाट. तेथें निकाल घड्याळ देतें. जंगलांत हळू चालावयाचें आणि मैदानांत वळण जिंकावयाचें, हीं दोन कामें एकाच गाडीचीं. परंतु त्यांच्या गरजा निराळ्या.

वळणाचें गणित शाळेंतलेंच आहे. ३० मीटर त्रिज्येचें वळण ताशीं ३६ किलोमीटर वेगानें घेणाऱ्या गाडीला तिच्या वजनाच्या सुमारें एकतृतीयांश बळ आंतल्या बाजूस लागतें. वेग ५४ केला कीं तेंच बळ वजनाच्या पाऊणपटीवर जातें. वेग दीडपट, बळ सव्वादोनपट. आणि तें सारें पुरवावयाचें तें चार टायरांच्या तळव्यांएवढ्या जागांनी! त्याच वेळीं गाडीचा भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजा, चालकासह गाडी ११०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १३० सेंटिमीटर आहे. वजनाच्या निम्म्या बळाचें वळण घेतांना सुमारें २५४ किलो भार सरकेल. आंतल्या दोन चाकांवर ५५० ऐवजीं २९६ किलोच उरतील. हा आंकडा कमानी कितीही कडक केल्या तरी फारसा बदलत नाहीं. तो ठरतो वजन, उंची आणि रुंदी यांवर. १९९३ सालीं मारुतीनें जिप्सीच्या चाकांतील अंतर ९० मिलिमीटरनें वाढविलें. वरील हिशेबांत तेवढ्यानें सुमारें १९ किलोंचा फरक पडतो. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर खालीं आणला तर जवळजवळ तितकाच फरक मिळतो. उलट सहा प्रवाशांना उंच बांकांवर बसविलें कीं तोच मध्य वर चढतो; जंगलांतल्या गाडीनें वळणावर घाई कां करूं नये, हें येथें कळावें.

मग कमानींनी साधतें काय? सरकणाऱ्या भाराची पुढच्या आणि मागच्या चाकांत वांटणी. टायरवर दुप्पट भार दिला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाहीं, त्याहून कमीच वाढते. त्यामुळें ज्या आंसावर भाराची सरकासरकी अधिक, त्या आंसाची एकूण पकड घटते. पुढची बाजू कडक केली तर गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते; मागची केली तर शेंपूट बाहेर फेकते. गाडीचें कलणें रोखणाऱ्या आडव्या पोलादी कांबेचाही हाच न्याय. म्हणून "सगळेंच कडक करा" असा सल्ला देणाऱ्या मिस्त्रीला, पुढें किती आणि मागें किती, असें विचारावें.

मुरमाच्या वाटेवर कडकपणाचा दुसरा तोटा प्रत्यक्ष दिसतो. चाक उंचवट्यावरून उसळतें आणि क्षणभर हवेंत राहतें. हवेंतल्या चाकाला वळणाची पकड शून्य. १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत कॅडिलॅक कारखान्यांत मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्यानें प्रयोग करून दाखविलें कीं पुढच्या कमानी मागच्यांहून मऊ असल्या म्हणजे गाडीचें डोलणें लवकर शमतें. त्यापूर्वीं पुढची बाजू कडक ठेवण्याचीच रीत होती. कमान उसळी घेते. ती उसळी शमविणें हें शॉकअब्जॉर्बरचें काम. त्यांतलें तेल गळालें असेल तर महागड्या कमानीही व्यर्थ. पाट्यांच्या कमानींत पाटे एकमेकांवर घांसतात; गंजले तर लहान धक्क्याला कमान हलतच नाहीं. तेव्हां प्रथम टायर, त्यांतील हवा, झिजलेले बुश आणि शॉकअब्जॉर्बर पाहावे, पाटे उकलून साफ करावे, आणि पैसे उरल्यास नव्या कमानींचा विचार करावा. गाडी खालीं बसविण्याचा मोह विशेष धोक्याचा, कारण खळग्यांत आंस वरच्या रबरावर आपटला कीं मऊ कमान एकदम दगडासारखी होते, आणि तेंही बहुधा वळणाच्या मध्यावरच.

या प्रयोगासाठीं मूलचा किंवा अहेरीचा रस्ता नव्हे. तेथें झाडींतून चितळ उडी घेतें, समोरून भरलेला ट्रक येतो, सायकलवर शाळेचीं मुलें असतात. सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें गुन्हा आहे, आणि कारखान्यानें ठरविलेल्या रचनेंत फेरफार करण्यासही त्याच कायद्याची बंधनें आहेत. रीतसर आखलेल्या मैदानावर, एका वेळीं एकच बदल करून, प्रत्येक फेरीचा वेळ वहींत टिपावा. काढलेला जुना पाटा मात्र भंगारांत देऊं नये. चार फेऱ्यांनंतर तो पुन्हा बसविण्याची पाळी पुष्कळदां येते.