कूम डाउनचा बोगदा

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात बाथ नावाचे एक प्राचीन शहर आहे. रोमन लोकांनी बांधलेल्या उष्णोदकाच्या स्नानगृहांमुळे त्याची ख्याती झाली. शहराच्या दक्षिणेस टेकड्यांची रांग असून, त्या टेकड्यांच्या पोटातून सायकलस्वारांचा एक मार्ग जातो. वाटेत दोन बोगदे लागतात. डेव्हनशायरचा बोगदा चारशे मीटरांहून थोडा अधिक. कूम डाउनचा मात्र तब्बल १६७२ मीटर लांब आहे.

कूम डाउनच्या बोगद्यात शिरताच बाहेरचे ऊन मागे राहते आणि ओलसर गारवा अंगाला झोंबू लागतो. दिव्यांची रांग दूरवर गेलेली दिसते. मध्यावर आले की अंधारातून संगीताचे सूर कानी पडतात. सायकलींबरोबर मुलांना घेऊन चालणारी माणसेही येथे भेटतात. कोणाचाही श्वास कोंडत नाही. या स्थळी ही गोष्ट साधी नव्हे.

सॉमरसेट आणि डॉर्सेट रेल्वेने हा लोहमार्ग १८७४ साली बाथपर्यंत आणला. त्या खर्चाने कंपनी इतकी खचली की, पुढच्याच वर्षी तिला आपला मार्ग दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती भाड्याने सोपवावा लागला. बोगदा एकेरी रुळाचा, अरुंद. आणि धूर वर जाण्यास त्यात एकही झरोका नाही. कॅसल रॉकच्या घाटातून कोळशाच्या इंजिनामागे प्रवास केलेल्या वृद्धांना, बोगदा आला की खिडक्या लावण्याची उडणारी घाई आठवत असेल. प्रवाशाला निदान खिडकी तरी असे. इंजिनावरच्या माणसांना तेवढाही आडोसा नसे.

२० नोव्हेंबर १९२९ रोजी दक्षिणेकडून एक मालगाडी बाथकडे येत होती. वाघिणी जड, वाट चढाची. त्यामुळे बोगद्यात तिची गती अगदी मंदावली. धूर साचत गेला. ड्रायव्हर हेन्री जेनिंग्ज आणि फायरमन मॉरिस पिअर्स दोघेही गुदमरून बेशुद्ध पडले. इंजिन मात्र चालतच राहिले. चढ संपला. पुढे बाथपर्यंत पन्नास फुटांना एक फूट असा उतार! गाडीने वेग घेतला, डेव्हनशायरचा बोगदाही मागे टाकला, आणि बाथच्या मालधक्क्याच्या आवारात ती उलथून पडली. जेनिंग्ज आणि आवारात असलेले रेल्वेचे दोन नोकर प्राणास मुकले, पिअर्स वाचले. अपघात घडला की चालविणाऱ्याचा दोष शोधण्याची जगाला मोठी हौस असते. येथे दोष पंचावन्न वर्षांपूर्वीच, हवेची वाट न ठेवता झालेल्या बांधणीत होता.

मार्च १९६६ मध्ये या मार्गावरील गाड्या बंद झाल्या. चाळीसांहून अधिक वर्षे बोगदे निर्जन पडून होते. स्थानिक स्वयंसेवकांनी चिकाटीने खटपट केली, आणि एप्रिल २०१३ मध्ये ते सायकलींसाठी खुले झाले. रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात आतले दिवे मालवलेले असतात. तेव्हा जाणाऱ्याने आपला दिवा बरोबर न्यावा.