तिसरी तार

मी बडोद्याहून बोलतोय. एका रसायन कारखान्यात देखभाल विभागात इंजिनिअर आहे. आज मात्र बोलणार आहे लढाऊ विमानांबद्दल. नेमकं सांगायचं तर लढाऊ विमानं उडवण्याच्या नकलेबद्दल.

गेली काही वर्षं मी एका आभासी नौदल स्क्वाड्रनमध्ये आहे. म्हणजे काय, ते आधी सांगतो. डीसीएस वर्ल्ड नावाचा एक सिम्युलेटर आहे. त्यात अमेरिकन नौदलाचं एफ/ए-१८सी हॉर्नेट हे विमान २०१८ साली आलं आणि निमिट्झ वर्गाच्या विमानवाहू नौकेचं तपशीलवार रूप २०२० साली. कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण चालतं. इंजिन सुरू करायचं तर खऱ्या विमानासारख्याच क्रमानं करावं लागतं. जगभरात अशी विमानं गटानं उडवणारी मंडळी आहेत, त्या गटांना आभासी स्क्वाड्रन म्हणतात. आमच्या गटात बरेच जण अमेरिकेतले, काही युरोपातले आणि आम्ही तिघं भारतातले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा आमच्याकडे रविवारी सकाळचे साडेसहा. तिकडं हिवाळ्यात घड्याळं मागं सरकली की आमचे साडेसात. घरात चहाचं आधण चढलेलं असतं आणि मी हेडफोन लावून समुद्रावर असतो.

"मग हा गेमच ना?" असं मला सगळे विचारतात. हो, गेमच. पण आठवड्यातली ती दोन तास आम्ही गोळी क्वचितच झाडतो. बहुतेक वेळा सराव मोहीम असते, आणि सराव मोहीम म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. ती गोष्ट म्हणजे नौकेवर उतरणं.

हे उतरणं कसं असतं, ते जरा सविस्तर सांगतो. दिवसा, स्वच्छ हवेत जी पद्धत वापरतात तिला केस वन म्हणतात. नौकेच्या मागून, तिच्या उजव्या बाजूनं, ८०० फुटांवरून यायचं. वेग साधारण ३५० नॉट. नौका ओलांडली की डावीकडे जोरात वळायचं, वेग मारायचा, चाकं काढायची, आणि ६०० फुटांवर नौकेच्या उलट दिशेनं जायचं. मग पुन्हा डावं वळण. अर्ध्या वळणात ४५० फूट. वळण संपतं तेव्हा समोर नौका असते आणि हातात उरलेले असतात पंधरा ते अठरा सेकंद.

या अठरा सेकंदांत तीनच गोष्टी बघायच्या. एक, डेकच्या डाव्या बाजूचा दिवा. त्याला सगळे 'बॉल' म्हणतात. हिरव्या दिव्यांच्या आडव्या ओळीत तो पिवळा बॉल बरोबर मध्ये दिसला तर उंची बरोबर. वर गेला तर तुम्ही वर, खाली गेला तर तुम्ही खाली, आणि अगदी खाली गेलात तर तो लाल दिसतो. दोन, धावपट्टीची मधली रेघ. ही पट्टी नौकेच्या दिशेशी सुमारे नऊ अंशांनी डावीकडे तिरपी असते. नौका पुढं जात असते, त्यामुळे तुमची रेघ सतत उजवीकडे सरकत राहते. तीन, विमानाच्या नाकाचा हवेशी असलेला कोन. तो बिघडला तर विमानाच्या शेपटीतला हुक तारेला नीट लागत नाही.

डेकवर आडव्या चार तारा ताणलेल्या असतात. हुकानं त्यातली एक पकडायची. धरायची ती तिसरी. पहिली पकडली म्हणजे तुम्ही फार खालून आलात, डेकच्या मागच्या कडेला धडकायच्या बेतात होतात. आणि आता गंमत ऐका. जमिनीवर उतरताना वैमानिक शेवटी नाक थोडं उचलतो, इंजिनाची ताकद कमी करतो. इथं नाक उचलायचं नाही, आणि चाकं टेकता क्षणी थ्रॉटल पूर्ण पुढं ढकलायचा. थांबायचं असताना पूर्ण ताकद! कारण हुकानं तार पकडली की नाही, हे कळायला वेळ लागतो. नसेल पकडली, तर तेवढ्या छोट्या डेकवरून पुन्हा उडावं लागतं. तार चुकून परत उडण्याला बोल्टर म्हणतात. नवीन माणसाचा हात थ्रॉटल मागं ओढायला धावतो. ती सवय मोडायलाच कित्येक रविवार जातात.

रात्रीचा प्रकार निराळा. त्याला केस थ्री म्हणतात. नौकेच्या मागं ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर, एकावर एक, विमानं घिरट्या घालत थांबतात. सर्वांत खालचं ६,००० फुटांवर, मग प्रत्येक हजार फुटांवर एक. प्रत्येकाला निघायची वेळ दिलेली असते, एकेका मिनिटाच्या फरकानं. त्या मिनिटाला तुम्ही त्या बिंदूवर हवेत. आमच्यातला एक जण रेल्वेत आहे, तो म्हणतो, "हे तर आमचं वेळापत्रक झालं."

पण मंडळी, मला खरं सांगायचंय ते उतरल्यानंतरचं.

अमेरिकन नौदलात डेकच्या कडेला एक अधिकारी उभा असतो, लँडिंग सिग्नल ऑफिसर, थोडक्यात एलएसओ. तो स्वतः वैमानिक असतो. तो प्रत्येक विमानाचं उतरणं बघतो, धोका वाटला तर लाल दिवे लावून 'वेव्ह-ऑफ' देतो, म्हणजे उतरू नकोस, परत फिर. आणि नंतर प्रत्येक उतरण्याला गुण देतो. 'ओके'ला चार, 'फेअर'ला तीन, 'नो ग्रेड'ला दोन, वेव्ह-ऑफला एक. हे गुण स्क्वाड्रनच्या खोलीत एका फळ्यावर रंगानं लावलेले असतात. हिरवा, पिवळा, तपकिरी, लाल. नवख्याचे आणि कमांडरचे एकाच फळ्यावर, एकाखाली एक.

ही पद्धत त्यांच्याकडे उगाच रुजलेली नाही. व्हिएतनाम युद्धाच्या पहिल्या काही वर्षांत हवाई लढायांतला निकाल अमेरिकन नौदलाला फार निराशाजनक वाटत होता. १९६८ मध्ये कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांना कारणं शोधायला सांगितलं गेलं. त्यांच्या अहवालात क्षेपणास्त्रांच्या दोषांबरोबर प्रशिक्षणातल्या उणिवाही निघाल्या. त्यातून मार्च १९६९ मध्ये मिरामार इथं नौदलाची फायटर वेपन्स स्कूल सुरू झाली, जिला आपण टॉपगन म्हणून ओळखतो. सिनेमात आपल्याला मोटारसायकल दिसते. त्या शाळेतलं खरं काम असतं ते उड्डाणानंतर फळ्यासमोर. काय ठरलं होतं, काय झालं, फरक का पडला. १९७२ च्या लढायांत नौदलाचा निकाल कितीतरी सुधारलेला होता.

आमच्या स्क्वाड्रनमध्ये हेच चालतं. टॅकव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण उड्डाण परत दाखवता येतं, कुणाची उंची कुठल्या सेकंदाला किती होती, सगळं. नियम दोन. मोहिमेचा नेता आधी स्वतःचं उड्डाण दाखवतो. आणि बोलायचं ते उड्डाणाबद्दल, माणसाबद्दल नाही.

आता एका मुलाबद्दल सांगतो. नाव सांगत नाही. विदर्भातल्या एका लहान गावचा. त्याला लहानपणापासून नौदलात वैमानिक व्हायचं होतं. अभ्यास केला, पळायचा रोज. वैद्यकीय तपासणीत निघालं की त्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. विषय संपला. तो आमच्यात आला तेव्हा बावीस वर्षांचा होता, फारसा बोलत नसे. उडवायचा चांगलं, पण त्याची नजर विलक्षण होती. दुसऱ्याचं विमान येताना बघून, ते आता खाली जाणार, हे तो इतरांच्या आधी सांगायचा. सिम्युलेटरमध्ये एलएसओच्या जागी माणूस बसू शकतो. आम्ही त्याला तिथं बसवलं.

एका रात्रीच्या सरावात आमचा कमांडर उतरत होता. साठीच्या आसपासचा अमेरिकन गृहस्थ, आमच्यातला सगळ्यात अनुभवी. वारा होता, डेक वरखाली होत होतं. मुलाचा आवाज आला, "पॉवर." मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "पॉवर!" आणि लगेच, "वेव्ह-ऑफ, वेव्ह-ऑफ." कमांडर वर निघून गेला. हेडफोनमध्ये कुणीच काही बोललं नाही. पोरानं कमांडरला परत पाठवलं होतं.

नंतर टॅकव्ह्यू लावलं. कमांडरनं स्वतःचं उड्डाण थांबवून दाखवलं आणि म्हणाला, इथं मी ताकद काढली, इथं मला कळायला हवं होतं, आणि इथं याला कळलं. मग त्या मुलाला म्हणाला, "सर, थँक यू." फळ्यावर त्याच्या नावापुढं लाल खूण लागली. ती अजून आहे.

तुम्ही म्हणाल, मग त्या मुलाला नाकारलं ते चूकच की. तो स्वतः तसं म्हणत नाही. रात्री विमानाच्या पुढच्या चाकाजवळ रंगीत दिवा असतो, त्यावरून एलएसओला विमानाचा कोन कळतो. तो रंग ओळखायची वेळ आली की हा शेजारी बसलेल्याला विचारतो. "खऱ्या डेकवर विचारायला वेळ नसतो, काका," असं त्यानंच मला सांगितलं. आमच्या खोलीत कुणाच्या छातीवर वजन येत नाही, कुणी समुद्रात पडत नाही. म्हणून आम्ही स्वतःला वैमानिक म्हणवत नाही, हुद्दे लावत नाही. ज्यांनी ते खरं केलंय त्यांचा मान वेगळा.

पण सराव खोटा म्हणून शिकणं खोटं होत नाही. खरी नौदलंही हेच करतात. आपल्या गोव्यात, आयएनएस हंसा या तळावर, जमिनीवरच नौकेसारखा चढ आणि तारा बांधलेल्या आहेत. नौदलासाठीच्या तेजस विमानानं सप्टेंबर २०१९ मध्ये आधी तिथली तार पकडली, आणि मग ११ जानेवारी २०२० ला ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरलं. आधी जमीन, मग समुद्र.

माझ्यापुरतं म्हणाल, तर ही सवय मी कारखान्यात नेली. वार्षिक शटडाऊनच्या काळात रोज संध्याकाळी वीस मिनिटं आम्ही उभ्यानं बोलतो. आधी मी सांगतो, माझ्या कामात ठरलं काय होतं आणि झालं काय. मग बाकीचे. पहिले चार दिवस कुणी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी सगळ्यात नवा हेल्पर, सहा महिन्यांपूर्वी लागलेला, म्हणाला, "साहेब, सकाळची ती पाटी शेजारच्या लाइनीच्या व्हॉल्व्हला लागलीय." दुसऱ्या दिवशी सकाळी ती लाइन उघडायची होती, आणि तिच्यात आम्ल होतं. आम्ही लगेच जाऊन बघितलं. तो बरोबर होता. पाटी बदलली, फिटर सुखरूप घरी गेला.

आपल्याकडे वयानं, हुद्द्यानं मोठ्या माणसाला असं काही सांगायचं म्हणजे उद्धटपणा. घरात तसं, दवाखान्यात तसं, कारखान्यात तसं. तो हेल्पर मला उद्धट वाटला असता, तर पुढच्या वेळी तो गप्प बसला असता.

शेवटी, ज्यांना उडवून बघायचंय त्यांच्यासाठी. डीसीएस फुकट उतरवून घेता येतं, त्यात दोन विमानंही फुकट मिळतात. साधी जॉयस्टिक पुरते. सुरुवातीला महागड्या वस्तू घेऊ नका. आईवडिलांनी मुलाला रागावण्याआधी एक रविवार त्याच्या शेजारी बसून बघावं, तो उडवल्यानंतर काय करतो ते. नुसताच उठून गेला, तर तो गेम. आणि आपलं उड्डाण परत लावून बघत बसला, तर त्याला चहा द्या आणि बसू द्या.